मेसच्या भिंतीवर कॅलरी लिहू नका, आमटीत डाळ वाढवा

प्रति,
माननीय कुलगुरू, विद्यार्थी विकास संचालक, वसतिगृहांचे रेक्टर आणि मेस समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

‘आरोग्यदायी वसतिगृह’ या मथळ्याचे आपले परिपत्रक विद्यार्थ्यांच्या हाती पडले आणि त्यांच्याकडून आमच्यापर्यंत आले. पुढच्या महिन्यापासून मेसमध्ये प्रत्येक पदार्थासमोर कॅलरीचा आकडा लागणार आहे. दरमहा प्रत्येकाचे वजन घेऊन बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) काढला जाईल, यादी सूचना फलकावर लागेल आणि सत्र संपताना सर्वांत जास्त वजन उतरवणाऱ्याला बक्षीस मिळेल. रात्रीचे जेवण साडेआठला बंद. पोळ्या एका वेळी तीनच. ताटात अन्न उरले तर 50 रुपये दंड.

आम्ही आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि मोठ्या स्वयंपाकघरांचे नियोजन करणारी माणसे आहोत. अठरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींचे खाण्याचे प्रश्न हे आमचे रोजचे काम आहे, आणि या परिपत्रकाचे परिणाम निस्तरण्याचे कामही शेवटी आमच्याकडेच येणार आहे. म्हणून गप्प बसणे शक्य नाही. आपल्या विद्यापीठाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. असे नियम एका ठिकाणाहून दुसरीकडे उचलले जायला वेळ लागत नाही, आणि हे पत्र इतर मेस समित्यांनीही वाचावे अशी इच्छा आहे.

आपला हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. मे 2025 मध्ये सीबीएसईने शाळांना साखरेच्या प्रमाणाची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही कार्यालयांमध्ये तेल आणि साखरेच्या फलकांचा आग्रह धरला. शीतपेयाच्या 300 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सहा-सात चमचे साखर असते, हे कॅन्टीनच्या दाराशी लिहायला आमची अजिबात हरकत नाही. ती टाळता येण्यासारख्या वस्तूबद्दलची माहिती आहे. दोन वेळच्या पोळी-भाजीवर आकडा चिकटवणे आणि जेवणाऱ्याला वजनकाट्यावर उभे करणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

आपल्या परिपत्रकात एके ठिकाणी ‘विद्यार्थ्यांनी इंट्यूटिव्ह ईटिंग अंगी बाणवावे’ असेही वाक्य आहे. त्याच पानावरचे बाकीचे सगळे नियम या वाक्याच्या विरोधात जातात, म्हणून आधी ही पद्धत, म्हणजे शरीराचे भुकेचे आणि तृप्तीचे इशारे ओळखून खाणे, काय आहे ते स्पष्ट करतो. 1995 मध्ये अमेरिकेतल्या दोन आहारतज्ज्ञांनी ती मांडली. तिची दहा तत्त्वे आहेत आणि पहिलेच तत्त्व डाएटची मानसिकता सोडण्याचे आहे. भूक लागली की वेळेवर खाणे, कुठल्याही पदार्थावर ‘वाईट’ असा शिक्का न मारणे, पोट भरल्याची जाणीव ओळखणे, जेवणात समाधान शोधणे, ताण आणि कंटाळा यांवर खाण्याखेरीज इतर उपाय करणे, आपल्या शरीराचा मान राखणे हे त्यात येते. पोषणाचा विचार दहाव्या क्रमांकावर आहे. पोषण कमी महत्त्वाचे आहे म्हणून नव्हे. जो माणूस आधीच आकड्यांनी पछाडलेला आहे, तो पोषणाची माहितीसुद्धा आणखी एक बंदी म्हणूनच वाचतो, म्हणून ते शेवटी.

‘मनात येईल ते खा’ असा तिचा अर्थ नाही. ती वजन उतरवण्याची युक्तीही नाही. तसा दावा करणारे तिच्या नावाखाली डाएटच विकत आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांचा 2010 ते 2018 असा पाठपुरावा केला. भुकेचे आणि तृप्तीचे इशारे ओळखून खाणाऱ्यांमध्ये पुढे नैराश्याची लक्षणे, शरीराबद्दलची नाराजी आणि अनावर खाण्याचे प्रसंग कमी आढळले. हा अभ्यास अमेरिकेतला आहे आणि केवळ त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी वसतिगृहासाठी कोणती दिशा कमी धोक्याची आहे, एवढे त्यातून नक्की दिसते.

आता आमच्या तक्रारी.

पहिली कॅलरीच्या फलकाबद्दल. ज्या आकड्यांवर मुलांनी विश्वास ठेवायचा, ते आपल्या मेसमध्ये बरोबर निघूच शकत नाहीत. 25 ग्रॅम कणकेची कोरडी पोळी साधारण 85 कॅलरीची. तीच पोळी 40 ग्रॅम कणकेची आणि वर चमचाभर तेल लावलेली असेल तर पावणेदोनशेच्या घरात जाते. आचारी बदलला की गोळ्याचा आकार बदलतो. भाजीच्या वरच्या थरात तेल जास्त, तळाशी कमी. प्रमाणित पाककृती असलेल्या, दहा किंवा अधिक शाखांच्या उपाहारगृह साखळ्यांना एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मेनूवर कॅलरी लिहिण्याचे बंधन घातले आहे. तुमच्या मेसमध्ये कणीक हातानेच तोडली जाते, त्यामुळे फलकावरचा आकडा इंटरनेटवरून उतरवलेला असणार, एवढेच.

आकडा बरोबर असता तरी विरोध केला असता. इंग्लंडने एप्रिल 2022 पासून मोठ्या उपाहारगृहांना मेनूवर कॅलरी छापायला लावली, तेव्हा खाण्याच्या विकारांसाठी काम करणाऱ्या ‘बीट’ या तिथल्या संस्थेने त्याला विरोध केला होता. हॉटेलात महिन्यातून एकदा जाणाऱ्याला तो आकडा टाळता येतो. वसतिगृहातल्या मुलीला तो दिवसातून तीन वेळा वाचावा लागेल, मैत्रिणींच्या देखत, ताट हातात धरून.

त्यात फोनवरची अ‍ॅपे या वयाच्या मुलींना सर्रास दिवसाला 1200 कॅलरींचे लक्ष्य देतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार 55 किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या स्त्रीची ऊर्जेची गरज सुमारे 1660 कॅलरी आहे आणि 65 किलोच्या पुरुषाची 2110. चालणे, खेळ, जिने यांनी ती वाढते. गरजेपेक्षा कमी खाल्ले की काय होते, हे 1944-45 मध्ये शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांवर पाहिले. 24 आठवडे त्यांना दिवसाला साधारण 1570 कॅलरी मिळत होत्या. म्हणजे आजच्या अ‍ॅपपेक्षा जास्तच. ते तरुण चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचत बसू लागले. जेवण पूर्ववत झाल्यावर त्यांच्यातले काही जण पोट गच्च भरूनही खात राहिले, कारण तृप्ती कळेनाशी झाली होती. दिवसभर ‘कंट्रोल’ करून रात्री अकराला दोन पाकिटे नूडल्स खाणाऱ्या विद्यार्थ्यात इच्छाशक्ती कमी आहे, असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे आहे. उपाशी ठेवलेले शरीर थकबाकी वसूल करते.

दुसरी तक्रार वजनाच्या यादीबद्दल. ही आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. कुणाचेही वजन त्याच्या संमतीशिवाय भिंतीवर लावणे चूकच आहे, त्यावर चर्चा करायची गरज वाटत नाही. पण ज्या मापासाठी हे चालले आहे, ते मापही आपण समजता तितके बोलके नाही. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र छापून आले. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हा त्याचा अर्थ. आपल्या यादीत हा बारीक विद्यार्थी ‘नॉर्मल’ ठरून निर्धास्त होईल, आणि कबड्डी खेळणारी, दणकट स्नायूंची मुलगी ‘ओव्हरवेट’ ठरून जेवण सोडेल.

बक्षिसाचे तर विचारूच नका. सत्रात सर्वांत वेगाने वजन कोणाचे उतरते? जो जेवण टाळतो, जो उलट्या काढतो, ज्याला मधुमेह किंवा क्षयरोग आहे आणि अजून कळलेले नाही, त्याचे. नकळत घटणारे वजन हे डॉक्टरांकडे पाठवायचे कारण असते. आपण त्यावर टाळ्या वाजवणार आहोत. खाण्याचे विकार बहुतेकदा याच वयात सुरू होतात, आणि त्यांची पहिली पायरी अनेकदा आजूबाजूच्यांनी केलेले ‘किती बारीक झालीस, छान!’ हे कौतुक असते.

तिसरी तक्रार वेळांची. दुपारचे जेवण बारा ते दीड, प्रात्यक्षिके दोन ते साडेपाच, आता रात्रीचे जेवण सात ते साडेआठ. बाराला जेवलेल्या मुलाला सातच्या आधी ताट मिळत नाही. मध्ये चहा आणि दोन बिस्किटे. सात-आठ तासांनी माणूस भुकेच्या अशा टोकाला पोहोचलेला असतो की तो भराभर जेवतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण वीस मिनिटे लागतात. शून्य ते दहा अशी भुकेची पट्टी धरली, शून्य म्हणजे गळून जाणे आणि दहा म्हणजे श्वास न घेता येण्याइतके तुडुंब, तर तीन-चारला जेवायला बसावे आणि सहा-सातला थांबावे असे आम्ही शिकवतो. आपले वेळापत्रक मुलांना एकवर आणून बसवते आणि मग ती नऊवर थांबली की त्यांना हावरट ठरवते. शिवाय भुकेचे संप्रेरक, घ्रेलिन, हे नेहमीच्या जेवणाच्या वेळांच्या आधी वाढते. रोज वेळ पाळली तर भूक वेळेवर लागते. वेळ रोज हुकली तर भूकही भरवशाची राहत नाही. परीक्षेच्या काळात झोप कमी झाली की घ्रेलिन आणखी वाढते, तेव्हा रात्री साडेआठनंतर मेसला कुलूप, आणि उघडी फक्त टपरी.

चौथी, तीन पोळ्या आणि दंड. उंच, खेळणारा मुलगा आणि लहान चणीची मुलगी यांना सारखेच मोजून वाढायचे, आणि मग उरले म्हणून तिच्याकडून पैसे घ्यायचे व तो उपाशी उठला तरी चालवून घ्यायचे. दंडाच्या भीतीने पोट भरल्यावरही ताट संपवणे म्हणजे तृप्तीकडे दुर्लक्ष करण्याचे रोजचे शिक्षण. अन्न वाया जाऊ नये, हे आम्हालाही हवे आहे. त्यासाठी आधी काय वाया जाते ते मोजा. सलग सात दिवस तीन वेगळ्या बादल्या ठेवा: स्वयंपाकघरात खराब झालेले, भांड्यात उरलेले, ताटात टाकलेले. रोज वजन करून लिहा. बहुतेक मेसमध्ये मोठा वाटा भांड्यात उरलेल्याचा निघतो, आणि तो अंदाज चुकल्यामुळे असतो. ताटातले कमी करायचे असेल तर वाढप्याच्या हातातला मोठा डाव काढून लहान पळी द्या, पहिल्यांदा थोडे वाढा आणि दुसऱ्यांदा मागायला कुणाला लाज वाटणार नाही असे पाहा. चव बिघडलेली भाजी ताटात उरते, हे तर आचाऱ्यालाही माहीत असते.

पाचवी तक्रार ताटातल्या अन्नाची, आणि इथे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. आपल्या परिपत्रकात कॅलरी हा शब्द अनेकदा आला आहे, प्रथिने एकदाही नाहीत.

मेसचा ठरलेला दिवस घ्या. सकाळी 60 ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी: साधारण साडेचार ग्रॅम प्रथिने. दुपारी तीन पोळ्या 10 ग्रॅम, वाटीभर भात 4, बटाट्याची भाजी दीड, आणि माणशी 10 ग्रॅम डाळीचे पाणीदार वरण दोन-सव्वादोन. रात्री तेच. दिवसाची बेरीज चाळीसच्या आसपास. किलोमागे 0.83 ग्रॅम या शिफारशीने 55 किलोच्या मुलीला सुमारे 46 आणि 65 किलोच्या मुलाला 54 ग्रॅम हवीत. जी मिळतात त्यांतलीही बहुतेक धान्यातून येतात, आणि धान्याच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव डाळी-कडधान्ये भरून काढतात, आणि नेमकी तीच कमी आहेत. अशा ताटावर दोन तासांत पुन्हा भूक लागते. ती भूक खरी असते. तिला हाव म्हणणे चूक आहे.

दुरुस्ती अवघड नाही. आमटीला माणशी 30 ग्रॅम कच्ची डाळ, म्हणजे 200 जणांना 6 किलो. आज बहुधा 2 किलोत भागवले जाते, आणि दुसऱ्या फेरीच्या वेळी पातेल्यात गरम पाणी ओतले जाते, त्यामुळे उशिरा येणाऱ्याच्या वाटीत हळदीचे पाणी येते. डाळ दोन खेपांत शिजवा, पाणी वाढवू नका. दिवसाआड मटकी, चवळी, हरभरा किंवा मुगाची उसळ, माणशी 40 ग्रॅम कोरडे कडधान्य, म्हणजे 200 जणांना 8 किलो; आदल्या सकाळी भिजवून रात्री उपसले तर दुसऱ्या दिवसापर्यंत मोडही येतात. पोह्यांत माणशी 15 ग्रॅम शेंगदाणे घातले की 4 ग्रॅमची भर पडते. 25 ग्रॅम सोया वड्यांतून 12-13 ग्रॅम मिळतात, उकडलेल्या एका अंड्यातून 6. अंडे न खाणाऱ्यांना तेवढ्याच किमतीचा पर्याय ताटात दिसला पाहिजे, वेगळा मागावा लागू नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला 2000 कॅलरींच्या ताटासाठी सुमारे 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि 300 मिलिलिटर दूध किंवा दही धरले आहे. कंत्राटात हे आकडे लिहा. भिंतीवर लिहायचेच असेल तर ‘आज आमटीत माणशी 30 ग्रॅम डाळ आहे’ असे लिहा. तो आकडा विद्यार्थ्याला नव्हे, ठेकेदाराला बांधून ठेवतो.

लोहाबद्दल थोडक्यात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जेवण-नाश्त्याच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, कारण चहातले टॅनिन लोह नीट शोषू देत नाही. मेसमध्ये चहा आणि पोहे एकाच खिडकीतून मिळतात. चहा साडेसहाला आणि नाश्ता आठला ठेवा, पोह्यांवर आणि उसळीवर लिंबाची फोड द्या. खर्च जवळजवळ शून्य.

उपवासाबद्दलही बोलायला हवे. श्रद्धेने केलेल्या उपवासाला आमची हरकत नाही. पण आठवड्यातून तीन-तीन वार, आणि तेही अचानक, कुणी धरू लागले तर त्यामागे जेवण टाळणे असू शकते. रेक्टरांनी उलटतपासणी करू नये. जवळच्या मैत्रिणीने किंवा समुपदेशकाने सौम्यपणे विचारावे.

शेवटची तक्रार मदतीच्या अभावाची. परिपत्रकात वजनकाटा आहे, समुपदेशक नाही. आमच्या बाजूचीही एक मर्यादा इथे स्पष्ट सांगतो: ज्याला खाण्याचा विकार जडला आहे त्याला ‘भूक लागेल तेव्हा खा’ सांगणे धोक्याचे आहे. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्याला भूक कळतच नाही. त्याला सुरुवातीला ठरावीक वेळी, ठरावीक जेवण आणि डॉक्टरांची देखरेख लागते. खूप खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले क्षार बिघडून जीवावर बेतू शकते. इन्सुलिन घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही केवळ भुकेवर विसंबता येत नाही. पाळी तीन महिने न येणे, चक्कर, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणे, एकट्यानेच खाण्याचा हट्ट, थंडी सोसेनाशी होणे, ही चिन्हे रेक्टर आणि मेस मामांना माहीत हवीत.

आणखी एक. भूक ऐकायला शिकवण्याआधी अन्न हाताशी असावे लागते. 2018 मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतली खानावळ बंद करून पैसे थेट खात्यात देण्याचे ठरवले, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पैसे उशिरा आले की पहिल्यांदा कापले जाते ते जेवण. आपल्याकडेही शिष्यवृत्ती रखडली म्हणून मेसचे बिल थकले की कार्ड बंद केले जाते. अशा विद्यार्थ्याला कॅलरीचा फलक दाखवणे क्रूर आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

वजनाची यादी आणि बक्षीस तत्काळ रद्द करावे, आणि काही मापे आधीच घेतली असतील तर ती नष्ट करावीत. ज्याला तपासणी हवी आहे त्याची ती आरोग्य केंद्रात, बंद दाराआड, डॉक्टरांकडून व्हावी. त्यात हिमोग्लोबिन आणि रक्तदाब असावा.

ताटातल्या पदार्थांसमोर कॅलरीचे आकडे लावू नयेत. शीतपेये आणि पाकीटबंद खाऊ यांच्यावरची साखरेची माहिती राहू द्यावी.

रात्रीचे जेवण साडेसात ते साडेनऊ ठेवावे. साडेपाचला पोटभरीचे काहीतरी द्यावे: भाजलेले चणे, शेंगदाणे, केळे, उकडलेले अंडे. उशिरा येणाऱ्यांनी दुपारी चारपर्यंत नाव लिहिले की डबा राखून ठेवावा. त्यात पोळी आणि कोरडी उसळ असावी, भात नको, कारण शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात. गरम अन्न 60 अंशांच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली, हा नियम स्वयंपाकघरात लावावा आणि थर्मामीटर विकत घ्यावा.

पोळ्यांची मर्यादा आणि दंड मागे घ्यावा. डाळ, कडधान्ये, दही आणि अंडी यांचे माणशी वजन मेसच्या कंत्राटात लिहावे, आणि मेस समितीतल्या दोन विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा कोठीघरात उभे राहून ते वजन पाहण्याचा हक्क असावा.

बिल थकले तरी सत्र संपेपर्यंत कुणाचेही जेवण थांबवू नये.

प्रत्येक वसतिगृहासाठी समुपदेशकाची आठवड्याची वेळ ठरवावी, आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक कॅलरीच्या फलकासाठी राखलेल्या जागेवर लावावा.

या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि उत्तर विद्यार्थ्यांसाठीही खुले असावे, ही विनंती. 200 जणांसाठी चार आठवड्यांचा, वजनासह लिहिलेला मेनू आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. आपल्या आचाऱ्यांबरोबर स्वयंपाकघरात उभे राहून तो बसवूनही देऊ. त्यासाठी मेस समितीची बैठक कधी आहे, तेवढे कळवावे.

आपले,
आहार, मानसिक आरोग्य आणि सामूहिक स्वयंपाक या क्षेत्रांत काम करणारे